आडवं पान

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, झेरॉक्सच्या मागच्या खोलीत
मी प्रबंध टाईप करते.
पानाला वीस रुपये, तक्ता असला तर पस्तीस.

बाबगोंडा चौगुले सर एकसष्टाव्या वर्षी पीएचडीला बसलेले.
पिशवीत खळीनं चिकटवलेले वहीचे कागद,
नदीकाठची एकशे बारा घरं, एका ओळीत एक:
मालक, जोतं किती फूट, भिंत मातीची का विटेची,
पाचला पाणी कुठवर, एकोणीसला, एकवीसला,
आणि शेवटी शेरा.

उभ्या पानात शेरा मावेना.
अक्षर आठवर आणलं, समास खाल्ले,
तरी शब्द एकाखाली एक, तुटून,
शिडीवर चढत्या माणसांसारखे.
म्हटलं, सर, शेरा काढू या का?
"ऱ्हाऊ दे की. बाकीचं तलाठ्याकडं बी हाय."

मग पान आडवं केलं
आणि अख्खा प्रबंध आडवा झाला.
प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, गाईडच्या सहीची जागा,
दोनशे तीस पानं एका क्लिकला झोपली.
सर खुर्चीतून उठलेच.

तसं करायचं नसतं. ठाऊक होतं मला, घाई नडली.
आधी एक सेक्शन ब्रेक वर, मग एक खाली,
दोन बांध घालून मधलं तेवढंच आडवं सोडायचं.
फूटरमधलं 'मागच्यासारखंच' तोडायचं,
नाहीतर पाननंबर भलत्याच काठाला लागतो.

आता सगळं ऐसपैस दिसायला लागलं.
पाणी आडवंच असतं म्हणा.
ओळ एक्केचाळीस:
चौगुले बाबगोंडा नेमगोंडा. जोतं तीन फूट.
एकोणीसला तुळईपर्यंत.
शेरा: म्हैस सोडली. रेडकु दाव्याला राहिलं.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी
आधारकार्डाच्या दोन कॉप्या मागत होतं.
"कू दीर्घ पायजे," सर म्हणाले.
मी दीर्घ केला.

सात पानांनी दुसरा ब्रेक.
प्रकरण पाचवे, निष्कर्ष, परत उभं.

संध्याकाळी पापाच्या तिकटीवरनं बाइंडरचा फोन:
ताई, मधली सात पानं आडवी आल्यात,
चुकलंय काय? सरळ करून देतीस?

नाही, म्हटलं. तशीच शिव.
तिथं आल्यावर
वाचणाऱ्यानं पुस्तक फिरवायचं.