मिठागराची वही

आवैरूच्या खाडीकाठी, आमच्या स्वयंपाकघरात
एक जाड निळी वही आहे.
एर्मिन्यूने चाळीस उन्हाळे तिच्यात लिहिलं:
वाफा तिसरा, एकतीस पाट्या. वारा उत्तरेचा.
उरलेल्या कोऱ्या पानांवर आता मी लिहिते:
वरचा एकशे अठ्ठेचाळीस, खालचा ब्याऐंशी, नाडी एकसष्ट.
पुढे कधीमधी: रात्री तीनदा उठला.

मार्चमध्ये नर्स इदालीना म्हणाली, मीठ कमी करा.
कुणाला म्हणाली!
ज्याच्या पायांच्या भेगा मिठानेच बुजल्या त्याला.
तो म्हणाला, "बाई, खाल्ल्या मिठाला जन्मभर जागलो,
आता तेच मला रात्री जागवतंय, एवढंच ना?"

खारवलेला कॉड मी दोन दिवस भिजवते,
पाच वेळा पाणी बदलते.
एर्मिन्यू घास घेतो, थांबतो:
"याला समुद्र आठवेनासा झालाय."
आणि ताट संपवतो.

दवाखान्यात त्याचं रक्त
टोपी हातात धरून उभं राहतं,
तिथला आकडा खरा नव्हे, असं इदालीनाच म्हणाली.
म्हणून हे यंत्र घरी आलं, आणि त्याचे नियम:
पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आढी घालायची नाही,
हात टेबलावर, काळजाच्या उंचीला.
आणि आधी पाच मिनिटं गप्प.

बावन्न वर्षं एका छपराखाली,
पण भरदिवसा, समोरासमोर, हाताला काम नसताना
आम्ही पाच मिनिटं कधी बसलो नव्हतो.
तो वाफ्यात, मी डोक्यावर पाटी घेऊन बांधावर,
भेटायचो ते ओझं चढवताना.
पहिल्या दिवशी तो हसत सुटला.
दुसऱ्या दिवशी चिडला, यंत्रही चिडलं.
तिसऱ्या आठवड्यात त्याने डोळे मिटले
आणि मला त्याच्या मानेवरची शीर दिसली.
भरतीचं पाणी आत येताना
मिठागराची लाकडी झडप अशीच हलायची,
कुणी खालून दार ढकलावं तशी.
(शेजारच्या कुस्तोद्यूची झडप पोर्तोला जाऊन बदलली.
डुकराची बसवली म्हणे.
तेव्हापासून तो सॉसेज खात नाही. लाज वाटते.)

मे महिन्यात एका सकाळी आकडा अठ्ठ्याण्णव.
मी खूश, आणि तो उठला तो भिंत धरूनच.
फिकट, जिभेवर शब्द नाही.
इदालीनाने गोळी अर्धी केली.
म्हणाली, या वयात कमी ते सगळंच चांगलं नसतं,
रक्ताला डोक्यापर्यंत चढायला वेळ द्या.
हे त्याला लगेच पटलं.
पाणी एकदम सोडलं की वाफा फुटतो,
हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.
आता पलंगाच्या कडेला बसून
तो बोटं हलवतो, खिडकीतून खाडीकडे बघतो
आणि मग उठतो.
मीही तोवर चहा ओतत नाही.

काल यंत्राचा पट्टा त्याने स्वतःच सोडला.
म्हणाला, "हात दे."
"माझा कशाला?"
"पाच मिनिटं गप्प," तो म्हणाला.

पट्टा फुगला, दंड आवळला, सुटला.
चष्मा नसताना त्याने आकडा वाचला,
परत वाचला.
मग यंत्र बाजूला सारून
माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली,
पूर्वी वाफ्यातलं पाणी बोटांत चोळून
उद्या मीठ धरेल की नाही ते पाहायचा तशी.
बराच वेळ. काही बोलला नाही.
इदालीनाला फोन केला, उद्या सकाळी येते म्हणाली.

रात्री वही उघडली.
अकरा वर्षांनी त्याचं अक्षर, थोडं कापरं:
वाफा दुसरा. वरचा एकशे बहात्तर, खालचा चौऱ्याण्णव.
नाडी मोजली, हाताने.
आणि खाली, सवयीने:
वारा उत्तरेचा.