पट्टी

आमच्या कामात पट्ट्या दोनच.
एक जखमेला बांधायची, एक जखम मोजायची.
दुसरी कागदाची, वापरून टाकून द्यायची,
तिच्यावर बाल्बिनाच्या नडगीची जखम
नोव्हेंबरात चाळीस मिलिमीटर होती,
नाताळात चाळीस,
फेब्रुवारीत, मला आठवतं, एकेचाळीस.

ओहोटीला शिंपले उकरताना
दाताळ्याचा दात लागला, एवढंच.
तीन आठवडे तिनं अंगावर काढलं,
मग शेजारच्या पोरानं दवाखान्यात फोन केला
आणि सोमवार-गुरुवार मी, माझी छोटी गाडी,
गालिसियाच्या त्या टोकाला, जिथं रस्ता संपतो
आणि शेवटची दोन घरं
समोरासमोर उभी राहून
एकमेकांशी बोलत नाहीत.

साखर नाही तिला. रक्त ठीक.
शिरा म्हाताऱ्या, पण वाहत्या.
जेवणाचं विचारलं: मासे, बटाटे, कोबीचं सार.
"खाते सगळं," म्हणाली, "अंगी लागत नाही."
हे मी लिहून घेतलं नाही. त्याला रकाना नव्हता.

एकदा घोट्यापाशी नाडी बघत होते
तेव्हा समोरचं दार वाजलं.
बाल्बिनानं मान वळवली नाही.
पण तिच्या पायाची बोटं आवळली गेली,
गोगलगाय शिंगं आत घेते तशी,
आणि माझ्या बोटांखाली नाडी
कुणी मागे लागल्यासारखी पळाली.

"बहीण," ती म्हणाली. "देल्मिरा."
मग मलमाची नळी बंद करेपर्यंत काही नाही.
मग:
"आईच्या मयताला, भरल्या घरात,
मला सुपाची वाटी देता देता म्हणाली,
आई तुझी वाट बघून गेली."
बारा वर्षं.
"तू काय म्हणालीस?"
"वाटी घेतली. सूप प्यायले."

पुस्तकातलं मला ठाऊक आहे.
मनाला घोर लागला की शरीर
सगळी माणसं वेशीवर पहाऱ्याला धाडतं
आणि आत गवंडी बसून राहतात,
विटा आणून द्यायला कुणी नसतं.
परीक्षेत हे लिहून मी गुण मिळवले होते.
पण बारा वर्षांपूर्वी गिळलेलं सूप
कुठल्या वाटेनं नडगीपर्यंत उतरतं
ते कुणी शिकवलं नाही.

मार्चमध्ये एका गुरुवारी ऊन पडलं.
देल्मिरा चादरी वाळत घालायला बाहेर आली.
अर्धी सुटलेली पट्टी फरफटत
बाल्बिना खिडकीशी गेली.
काय बोलली ते सगळं सांगणार नाही,
काही शब्दांचे अर्थ तर
मला घरी जाऊन वडिलांना विचारावे लागले,
ते बोटीवर होते म्हणून.
मध्ये एकदा ती रडली, एकदा हसली,
एकदा कुणाच्यातरी गाढवाचा उल्लेख आला.

देल्मिराच्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता.
तो तिनं काढला नाही.
सगळं ऐकून झाल्यावर
तिनं चादरीचा दुसरा कोपरा सरळ केला.

बाल्बिनानं येऊन पाय स्टुलावर ठेवला.
"बांध," म्हणाली.

त्या रात्री भरती येऊन ओसरली
तरी तिला जाग आली नाही म्हणे.

चौतीस. सव्वीस. एप्रिलअखेर अकरा,
कडेनं नवी कातडी,
तान्ह्या मुलाच्या ओठांसारखी.
डॉक्टर म्हणाले, बघा, नव्या घट्ट पट्टीचा गुण.
असेलही. त्याच आठवड्यात मीच ती बदलली होती.
बाल्बिना म्हणते, कोबी सोडला म्हणून.
मी फक्त आकडा लिहिते.
माफी कुणी मागितली नाही.
चादरी मात्र आता घराच्या मागे वाळतात.

जूनमध्ये माझ्या यादीत नवं नाव,
गल्ली तीच, दार समोरचं.
झोप नाही. छातीत धडधड. मनगटावर
खाजवून खाजवून चिघळलेला एक डाग.

"कधीपासून?" मी विचारलं.
देल्मिरा खिडकीकडे बघत राहिली,
ओठ असे मिटलेले
की चिमटा अजून तिथंच आहे, असं वाटलं.

मी पिशवीत हात घातला.
कुठली पट्टी काढायची,
क्षणभर कळेना.