शंभरी

नव्वदपर्यंत काही नसतं.
पंच्याण्णवला स्टिअरिंगच्या कडेवर मुंग्या येतात,
शंभरी भरली की गाडीच्या अंगात येतं,
आणि एकशे पंधराच्या पुढे
पुन्हा सगळं निवांत,
जणू मीच खोटं बोललो.

त्रेलेव गावातल्या गॅरेजात
नेलिदा उएन्चुमिलला मी हेच सांगितलं,
दोन्ही हात हवेत थरथरवून दाखवले.
तिनं हातांकडे बघितलंच नाही.
"थरथर बोटांत, की बुडाखाली?"
बोटांत.
"म्हणजे पुढची चाकं. आवाज?"
आवाज निराळा. सत्तरला सुरू होतो,
दूरवरच्या, कधीच न उतरणाऱ्या विमानासारखा.
"मग दुखणी दोन आहेत," ती म्हणाली,
"लोक एकाच चिठ्ठीवर दोन्ही लिहून आणतात."

आधी तिनं गाडी रिकामी करायला लावली.
मी चष्म्याच्या फ्रेमा विकतो,
इथून कोमोदोरोपर्यंत, समुद्राकडेनं.
तीनशे चाळीस फ्रेमा, मातेचा थर्मास,
दारातली सुटी नाणी,
एक स्क्रू, जो कुठला ते मला आठवेना.
सगळं बाकावर मांडून म्हणाली,
"आता जे वाजेल ते गाडीचं."
मग दारांच्या फटींवर कागदी चिकटपट्टी लावली,
वाऱ्याला साक्षीदारांतून वगळण्यासाठी.
पातागोनियात हे
म्हणजे समुद्राला बाजूला बस म्हणण्यासारखं,
पण तिनं लावली.

तीन नंबरचा महामार्ग. दोन्हीकडे काटेरी झुडपं, कुंपण, काहीच नाही.
तिचा डावा कान हवेच्या बंदुकीनं खाल्लेला,
म्हणून तिनं बूट काढले
आणि तळवे फरशीला टेकवले.
"न्यूट्रल करा."
इंजिन खाली बसलं, आवाज तसाच.
"इंजिनाला सोडून द्या, बिचारं निर्दोष आहे.
आता डावीकडे, हळू, लेन बदलल्यासारखं."
आवाज जाड झाला.
"उजवीकडे."
विरघळला.
"डावीकडे वळलात की भार उजव्या चाकावर.
ओझ्याखाली कण्हतो तो आजारी.
पुढच्या उजव्या बेअरिंगला घरघर लागलीय."

थरथर मात्र जॅकवर चढवल्यावर सापडली:
डाव्या रिमच्या आतल्या बाजूला
वाळून दगड झालेला चिखल, मुठीएवढा,
त्यात वेताची दोन पानं.
तिनं तो पेचकसानं उकरला,
तराजूत टाकला. एकशे दहा ग्रॅम.
"एवढं पुरतं," ती म्हणाली.
"नदीवर कधी गेला होतात?"

मी नदीवर गेलो नव्हतो.
मी डांबराचा माणूस. वर्षभरात एकदाही नाही.

मे महिन्यात वडिलांकडून किल्ली काढून घेतली होती.
कप बशीत ठेवताना होणारा तो आवाज
घरात आम्ही सगळेच ऐकत होतो, कुणी बोलत नव्हतं.
शेवटी मीच बोललो.
किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली,
त्यांच्या हाताच्या उंचीवर, कारण खिळा तोच होता.
मग कधी? पहाटे?
मी कोमोदोरोला बसनं गेलो त्या आठवड्यात?
चुबुतच्या काठी गाळात चाक रुतवून,
तेच हात चाकावर,
पुन्हा बाहेर काढून, धुऊन, पुसून,
अगदी सीटसुद्धा माझ्या मापाला मागे सरकवून.
फक्त रिमच्या आत वाकून बघणं
त्यांच्या कमरेला झेपलं नसावं.

परत येताना एकशे पाचला
स्टिअरिंग पाण्यासारखं शांत होतं.
विमान चालूच होतं.

ते दारात उभे, हात खिशात.
"काय निघालं?"
"माती," मी म्हणालो.
त्यांनी वाऱ्याकडे पाहिलं,
जणू तो काही सांगणार होता.

किल्ली त्याच खिळ्याला लावली.
बेअरिंग बाहिया ब्लांकाहून यायचंय, गुरुवारी.
तोवर सत्तरच्या वर न्यायची नाही,
हे मात्र मी
जरा मोठ्यानं सांगितलं.