विरजण

रात्री पावणेअकराला तिसऱ्या मजल्यावर
भांडं आदळलं, मग काहीच नाही.
कुमुद पेडणेकरांनी वाटी उचलली,
चपला न घालताच जिना उतरल्या,
बेल दाबली : "विरजण आहे का हो?"

तो दारात, घामेजलेला. "आत्ता?"
"दूध कोमट झालंय, थांबत नाही ना ते."

मागोमाग झुलेखा, वाटी घेऊन.
मग दळवीबाई. मग मी,
माझ्या हातात घाईत चहाची गाळणी.

कन्नमवार नगर महिला मंडळाच्या वहीत
त्या रात्रीची नोंद एवढीच :
खोली ३०४. तीन वाट्या, एक गाळणी.
दार उघडं राहिलं.

चौकी, वकीलबाई, सह्यांचे कागद
हे सगळं नंतर, सात महिन्यांनी.

काल पाचव्या मजल्यावर आवाज झाला.
मी दिवा लावेपर्यंत
३०४ची वृषाली जिन्यात होती,
वाटी घेऊन,
अनवाणी.