फराटे

तेशीत, समुद्राच्या रस्त्यावर आमचं दुकान.
माणूस जो होता त्या आकाराची शवपेटी आम्ही बनवतो.
कोळ्याला तांबोशी, ड्रायव्हरला टॅक्सी,
कांदेवालीला कांदा, पापुद्र्यांसकट.
एका शिक्षकाला आम्ही पेनात निजवलं होतं,
टोपण उजवीकडून उघडायचं.

ओब्लिते मिस्त्री म्हणायचे, नवं काही नसतं रे.
भिंतीवर फोटो आहेत, गिऱ्हाइकाला बोट ठेवू दे.

कोर्कोईनं बोट ठेवलं नाही.
सगळे फोटो पाहिले, दोनदा.
म्हणाली, आई काहीच नव्हती.
विकत नव्हती, शिकवत नव्हती, मासे भाजत नव्हती.
मग करायची काय?
झाडायची. उजाडायच्या आत अंगण.
आमचं झालं की शेजारचं.

मग खराटा करू, मिस्त्री म्हणाले, सोपा आहे.
खराटे तर ती दर पावसाळ्यात बदलायची, कोर्कोई म्हणाली.

ते वाक्य माझ्या नखात
कुसळासारखं राहिलं.

दुसऱ्या दिवशी अंधारातच गेलो तिच्या घरी.
तीन आठवडे अंगणाला हात लागला नव्हता.
पण पाण्याच्या पिंपामागे,
जिथं कुणाचं पाऊल पडत नाही,
तिच्या शेवटच्या सकाळचे फराटे उरले होते:
अर्धगोल, एकावर एक,
उजवीकडे खोल, डावीकडे विरत गेलेले.
मी वितीनं मोजले.
खांदा दुखत असणार तिचा.

वावाचं लाकूड मऊ, पटाशी आवरावी लागते.
पहिली फळी वाया गेली. फार देखणे आले फराटे,
लग्नपत्रिकेच्या किनारीसारखे.
दुसरी मीच फोडली, मिस्त्री जेवायला गेले असताना.
तिसरी डाव्या हातानं कोरली.
रंग चार डब्यांतून जमेना,
शेवटी तिच्याच अंगणातली माती कालवली.

मिस्त्रींनी पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या.
हिला म्हणायचं काय?
मला सांगता आलं नाही.

शनिवारी पुतणे तिला खांद्यावर घेऊन नाचले.
लोक विचारत होते, हे काय, समुद्र?
नांगरलेलं शेत?
पेटी स्टुलांवर टेकली
तेव्हा एका म्हातारीनं पोरांना दंडाला धरून मागे ओढलं:
नुकतंच झाडलंय,
दिसत नाही?

दोन तास.
मग खड्डा, आणि वरून ढेकळं.

महिन्यानं तेमाहून एक जण आला,
मोबाइलमधला फोटो पुढे धरून.
डिट्टो अशीच हवी, आईसाठी.
झाडायची का ती?
छे, शिवणकाम करायची. पण ही किती वेगळी आहे!

मिस्त्रींनी तो फोटो
भिंतीसाठी मागून घेतला.

मी भुसा लोटत होतो. खराटा टेकवून ठेवला
आणि विचारलं,
दोरा कशानं तोडायची,
कात्रीनं, की दातानं?