पेवात कंदील

हरिपूरच्या घरी नवी तार आली,
काचेची, केसाएवढी. तौफिक पटवेगारनं ती
पेरूच्या फांदीवरून ओढून आत घेतली
आणि म्हणाला, आता पाण्यासारखं चालंल.
चाललंच. मामाच्या बातम्या अडकेनाशा झाल्या.
फक्त मला कराडहून दिसायचं बंद झालं.

माजघरात फळीवर एक काळा डबा आहे,
मिरजेहून आणलेला.
पैसे मामीनं दिले होते, हळदीच्या पट्टीतून.
त्याला चार कॅमेरे. त्यातले दोन आंधळे,
तिसऱ्यावर कोळ्यानं घर केलंय,
चौथा अंगणाकडं बघतो, इमानानं.
डब्याचा पत्ता मला पाढ्यासारखा पाठ:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एकशे आठ.

"तो घरातल्या घरातला पत्ता, आक्का," तौफिक सांगतो.
"तुम्ही मामाला मामा म्हणता तसा.
चौकात उभं राहून 'मामा' म्हणून हाक मारा,
अर्धं गाव वळून बघंल."

आधी कंपनी घरटी एक पत्ता देत होती बाहेरचा.
ते संपले म्हणे. आता शंभर घरांत मिळून एक;
बाहेर जाणारा जातो, येणाऱ्याला उंबराच नाही.
नवे मात्र इतके आहेत
की पेरूच्या पानापानाला दिला तरी उरतील.
आठ तुकडे, मधे टिंबावर टिंब,
आकड्यांत इंग्रजी अक्षरं, भातात कुसळ यावं तशी.
सलग शून्यं आली तर गाळायची,
मोकळी जागा बघून ओळखायचं किती होती.

हे डब्याला उच्चारता येत नाही.
ज्यांनी घडवला त्यांनी ही बोली घातलीच नव्हती,
आणि तो कारखाना आता नाही.
"टाक की भंगारात," मामा म्हणाला.
"बाळगोंडा मगदूम कुठं पळून चाललाय,
त्याला बघत बसायला?"

अंगणात पेव होतं आमचं.
वीस हात खोल. तोंड एवढंसं, पोट हे एवढं.
हळद काढायची तर आधी दोरीला कंदील बांधून सोडायचे.
ज्योत राहिली तर माणूस उतरायचा.
विझली तर तोंड उघडं ठेवायचं, घरी जायचं,
दुसऱ्या दिवशी परत कंदील.
पुरानंतर ते बुजवलं.

मी कराडात रात्री तेच करत बसले होते.
एक लहानसा प्रश्न खाली सोडायचा
आणि मोजायचं.
उत्तर नाही.
उत्तर नाही.

शेवटी तौफिकनं बिस्किटाएवढी एक पाटी आणली,
जुन्या मोबाईलच्या चार्जरवर चालणारी,
डब्याला खेटून ठेवली. तिला दोन्ही बोली येतात.
लांब पत्त्यानं कुणी आलं की दार उघडते,
आत वळून चार आकड्यांत निरोप देते,
मामी करायची तसं:
अथणीच्या पाहुण्यांशी कानडी, आमच्याशी मराठी,
आणि मधल्या मधे दोन शब्द कमी.

पहाटे सव्वातीनला ज्योत राहिली.

अंगण आलं. करडं, रव्यासारखं दाणेदार.
कोपऱ्यात तारीख एक जानेवारी दोन हजार;
वीज गेली की डब्याचं घड्याळ तिथंच जातं.
आणि मामा.
बंडी, कानटोपी. बुजल्या पेवाच्या तोंडावर उभा,
पायानं माती चाचपत.

फोन लावला.
"झोपलोय की गं," तो म्हणाला, "का?"
म्हटलं, काही नाही, चुकून लागला.

चित्र चार सेकंद मागं चालतं.
पडद्यावरचा मामा अजून
बंडीच्या खिशात फोन शोधत होता.