हवापालट

पिंजरा आधी महिनाभर घरात ठेवायचा,
म्हणजे सवय होते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
म्हणून डिसेंबरभर आमच्या सहकारनगरच्या हॉलमध्ये
टीपॉयच्या जागी दोन पिंजरे,
आणि आल्यागेल्याचा चहा पिंजऱ्यावर.

खारी दुसऱ्याच दिवशी आत जाऊन झोपली,
माझ्या जुन्या सुती साडीवर.
बटर दारात बसायचा. नाक आत, बाकी सगळा बाहेर,
जसे आमचे धाकटे दीर लग्नकार्यात बसतात,
जेवण झालं की सटकायच्या बेताने.

वजन करायला खारीला रद्दीवाल्याकडे नेलं.
पिंजऱ्यासकट एकवीस किलो सातशे.
"इंग्रजी की मराठी, तेवढं सांगा," मुनाफभाई म्हणाले.
खारी भुंकली.
"मराठी. मग किलोला दोन रुपये कमी."

अर्जावर एक रकाना होता, प्रवासाचा उद्देश.
श्रीरंगने चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला,
आणि ठळक अक्षरांत लिहिलं: हवापालट.
दोन्ही अर्जांवर.

पद्मावतीच्या दवाखान्यात खारीच्या कागदावर शिक्का बसला.
बटरला बाईंनी टेबलावर घेतलं,
बराच वेळ त्याचं घोरणं ऐकलं.
नाकच नाही हो याला, म्हणाल्या.
एवढ्याशा नाकाला
विमानाच्या पोटात हवा पुरायची नाही.
हवा.
जिच्यासाठी निघालो होतो तीच.

वाघोलीचं बोर्डिंग पाहून आलो.
एसी खोल्या, पोहायला हौद, रोज दोन फोटो.
बटर एक रात्र राहिला.
पहिल्या फोटोत भिंतीकडे तोंड करून.
दुसऱ्यातही.
तिसरा मी मागितला नाही.

तिकिटं रद्द करू, श्रीरंग म्हणाला.
म्हणाला खरा, पण बावीस वर्षं
कपाटाच्या दाराला आतून
त्याने अंदमानचा नकाशा चिकटवलाय,
आणि माझ्या साड्यांचे हँगर घासून घासून
त्यातलं हॅवलॉक पार पुसलं गेलंय.
तू आणि खारी जा, मी म्हटलं.
भांडण होईल असं वाटत होतं.
झालं नाही.

रिक्षात पिंजरा मावेना, म्हणून लोहगावला टेम्पोने.
तिथे खारीला वेगळ्या दाराने नेलं.
मागे वळून पाहायला
पिंजऱ्यात जागा नव्हती.

रोज संध्याकाळी फोन.
खारी लाटेवर भुंकते, लाट मागे जाते,
हिला वाटतं हिनेच हाकलली.
आज खारं पाणी प्यायली. ओकली. परत प्यायली.
मी फोन बटरच्या कानाशी धरायची.
तो झोपेतच घोरायचा,
आणि तिकडून श्रीरंग विचारायचा,
तुझ्याकडे कसला आवाज येतोय गं, पाण्यासारखा?

बटरचा पिंजरा बाल्कनीत गेला, त्यात कांदे ठेवले.
खारीच्या पिंजऱ्याखालची फरशी
बाकीच्या फरशीहून उजळ निघाली होती.
त्या चौकोनात बटर आठ दिवस बसला,
कडेबाहेर पंजा पडू न देता.

ते परतले तेव्हा
साडी झटकल्यावर हॉलभर वाळू झाली.
बटरने आधी खारीचे पंजे तपासले, एकेक बोट,
वाण्याचं बिल तपासावं तसं.
मग तिचा कान चाटायला लागला.
चाटतच राहिला. एक झाला, दुसरा घेतला.
खारी डोळे मिटून, मान पुढे करून.
श्रीरंग हातातल्या पिशव्या खाली न ठेवता उभा,
नाकाची साल निघालेली, काळाकुट्ट झालेला.

मग बटर उठला, स्वयंपाकघरात गेला,
वाडग्यातलं सगळं पाणी प्यायला,
रिकामा वाडगा नाकाने ढकलत ढकलत
माझ्या पायाशी आणला
आणि वर पाहिलं.